पहिल्या डावात माणूस वाचू नये

सर्जेराव पासलकर पीएमटीत चेकर होते. तीस वर्षं त्यांनी डेक्कन ते कोथरूड डेपो या टप्प्यात बिनतिकिटाचे प्रवासी पकडले, आणि पकडण्यासाठी त्यांना सगळ्यांची तिकिटं बघायची गरज फारशी पडत नसे. बसमध्ये चढलं की एकदा शेवटच्या सीटपर्यंत नजर टाकायची, नेमकं त्या माणसापुढं जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "उतरा." चाळीस जणांतून तोच कसा कळतो, असं कंडक्टर विचारायचे. "तिकीट काढलेला माणूस माझ्याकडं बघतो," सर्जेराव सांगायचे, "न काढलेला खिडकीतून नदी बघतो. मुठेत बघण्यासारखं काय आहे सांगा मला?"

या माणसाचा मुलगा चेहरे वाचण्याच्याच धंद्यात देशात पहिला आला. बापानं पेढे वाटायला हवे होते. पण तो धंदा पत्त्यांचा होता आणि पत्ते पैसे लावून खेळायचे होते. मुळशीकडून पोटासाठी शहरात आलेल्या, पै-पै जोडून कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेल्या सर्जेरावांच्या लेखी जुगारी तो जुगारी, मग तो गावच्या पारामागं बसणारा असो नाहीतर गोव्यात एसीत बसणारा.

विश्वजीतला हा नाद लागला तो मात्र अगदी सभ्य ठिकाणी, कंपनीच्या बसमध्ये. इंजिनियर होऊन तो हिंजवडीला एका कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागला होता. बस कोथरूडहून साडेसातला निघायची. पोचायची कधी, ते वाकडचा पूल ठरवायचा. मागच्या सीटवर चौघं जण मांडीवर लॅपटॉपची बॅग आडवी टाकून पोकर खेळायचे आणि कँटीनची कुपनं लावायचे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकले पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे. पत्ते चांगले असले तर जिंकता येतं. नसले तरी मोठी रक्कम पुढं सारून समोरच्याला पळवून लावता येतं. म्हणजे अर्धा खेळ पत्त्यांचा आणि अर्धा समोर बसलेल्या माणसाचा. दुसरा अर्धा विश्वजीतला उपजत येत होता. दोन वर्षांत त्याचं एकही जेवण स्वतःच्या पैशाचं झालं नाही आणि उरलेले तिघं घरून डबा आणू लागले.

तिथंच त्यानं स्वतःचा एक नियम बनवला. पहिल्या डावात माणूस वाचू नये. नवा माणूस समोर आला की पहिली वीस मिनिटं त्याच्याबद्दल काहीही ठरवायचं नाही. तो मोकळा असताना कसा बसतो, पाणी कसं पितो, नाक कितीदा खाजवतो, एवढंच बघत राहायचं. एखाद्याचा हात थरथरला म्हणजे तो घाबरलाय असं नसतं. काहींचा हात जन्मापासून थरथरतो. माणसाची सवय आधी कळली पाहिजे. मग ती कुठं मोडते ते बघायचं, आणि मोडली की समजायचं, इथं काहीतरी लपलंय. पुढं शिकवणीला येणाऱ्या पोरांना तो पहिल्या दिवशी हे एवढंच सांगायचा. एवढ्यासाठी फी घेतली का, असा चेहरा करून पोरं घरी जायची.

स्वतःचा चेहरा झाकायची तालीम त्यानं घरी केली. बापानं केली नसती अशी मदत आईनं केली. हा पत्ते धरून जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि आईनं मागून न सांगता स्टीलचं ताट फरशीवर टाकायचं. सुरुवातीला तो दचकायचा. महिन्याभरानं खांदा तेवढा हलायचा. सहा महिन्यांनी ताटं पडत राहिली आणि हा पापणी न हलवता बसून राहिला. खालच्या मजल्यावरचे आप्पासाहेब वर येऊन म्हणाले, "वहिनी, भांडण असेल तर मिटवा, नाहीतर ताटं तरी प्लास्टिकची घ्या." तालीम झाली होती, आईनं ताटं परत मांडणीवर लावली.

नोकरी सोडून तो पूर्णवेळ खेळू लागला. लग्नही झालं, ऋतुजाशी. लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखा दिसतो. ऋतुजा चार वर्षं राहिली आणि न भांडता गेली, कारण भांडायला समोर कुणीतरी लागतं. जाताना ती म्हणाली, "मी चिडले की तुला लगेच कळतं, विश्वजीत. माझ्याही आधी कळतं. पण तुला त्याचं काही होत नाही." तिचं बरोबर होतं आणि ते त्याला कळलंही. त्याचंही त्याला काही झालं नाही. त्यानं तिच्या बॅगा खाली नेऊन दिल्या.

लग्नाच्या आदल्याच वर्षी गोव्यात त्यानं देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली होती. तीन दिवस, सहाशे माणसं, आणि शेवटच्या डावात याच्या हातात दखल घ्यावी असं काही नसताना समोरच्या दिल्लीवाल्यानं इस्पिकचा राजा खाली ठेवून हार मानली. पुण्याच्या एका पेपरात आतल्या पानावर फोटोसकट बातमी आली. सर्जेराव सकाळी फिरायला गेले ते कोपऱ्यावरच्या स्टॉलवरचे त्या पेपरचे नऊच्या नऊ अंक विकत घेऊन आले. उरलेल्या पुण्यात पेपर येत नाही, अशी त्यांची समजूत असावी. सोसायटीच्या वाचनालयात कुणी मुलाचं विचारलं की ते ठरलेलं उत्तर द्यायचे, "हिंजवडीत आहे." मुलानं हिंजवडी सोडून नऊ वर्षं झाली होती. बाप-लेकात भांडण नव्हतं. एका टेबलाशी जेवायचे, क्रिकेट बघायचे. धंद्याचा विषय मात्र त्या घरात कुणी काढत नसे.

मग ऑनलाइन पैशांचे खेळ बंद करणारा कायदा आला आणि विश्वजीतची निम्मी कमाई एका दिवसात थांबली. महिन्यातून आठ दिवस गोव्यात खेळायचा, उरलेले दिवस घरी. त्या वर्षीच्या डिसेंबरात सर्जेराव जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसले ते दहा मिनिटं उठले नाहीत.

तपासण्या झाल्या. शुक्रवारी दुपारी बाप-लेक हृदयाचे सर्जन डॉक्टर कारखानीस यांच्यासमोर बसले होते. डॉक्टर चाळिशीचे होते, चष्मा लावलेले. रिपोर्ट पुढं घेऊन ते म्हणाले की मुख्य नळीच बंद होत आलीय, बायपास करावी लागेल, घरी जाऊच नका, आजच दाखल व्हा. हे बोलताना त्यांचं लक्ष कागदावर होतं. हातातल्या पेनाचं बटण ते टकटक वाजवत होते. "घरी जाऊ नका" हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि खर्चाचा आकडा सांगताना कॉलर सैल केली.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विश्वजीतला विचारलं.

विश्वजीत बापाच्या तोंडून हिंजवडी येण्याची वाट बघत होता. सर्जेराव म्हणाले, "पोकर खेळतो. भारतात पहिला आला होता. समोरच्याच्या तोंडावरून कळतं त्याला सगळं."

डॉक्टरांनी वर बघितलं. पेन पुन्हा टकटक वाजलं. विश्वजीतच्या छातीत काहीतरी उसळलं. कैक वर्षांत असं झालं नव्हतं. गोव्यात कप हातात घेताना झालं नव्हतं. अडतीस वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी त्याला उठून उभं राहावंसं वाटलं.

बाहेर बाकावर बसल्यावर सर्जेरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी दोन रुपयांच्या तिकिटाचे चेहरे वाचले, बाळा. हा लाखांचा चेहरा आहे, हे तुझं काम. सांग, खरं बोलतोय का तो?"

विश्वजीतनं त्या डॉक्टरला जेमतेम चार मिनिटं बघितलं होतं. पण खाली गेलेली नजर, वाजणारं पेन, दोनदा सांगितलेलं वाक्य, ही सगळी खूण पक्की होती. हाताशी पत्ते नसलेला माणूस असंच करतो. आणि बाप पहिल्यांदा विचारत होता.

"नाही दादा," तो म्हणाला. "घाबरवतोय. पैशांसाठी."

"वाटलंच मला," सर्जेराव म्हणाले. "चल घरी."

सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. आपल्या जबाबदारीवर नेत आहोत, अशा कागदावर विश्वजीतनं सही केली.

शनिवारी सर्जेराव वाचनालयात गेले आणि आप्पासाहेबांशी कॅरम खेळता खेळता त्यांनी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. मुलगा पोकरचा चॅम्पियन आहे. डॉक्टरला त्यानं चार मिनिटांत ओळखलं. चेकरचाच पोरगा आहे शेवटी. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आप्पासाहेब म्हणाले, "सर्जेराव, स्ट्रायकर द्या आता, बाकीचं सोमवारी ऐकतो." रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांना दरदरून घाम आला. विश्वजीतनं त्यांना गाडीत पुढं बसवलं, आई मागं बसली. रस्त्यात ते म्हणाले, "गॅस असेल. उगाच घाई करू नकोस. तू बघितलंयस ना त्याला." नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांची मान कलली. सिग्नल सुटेपर्यंत मागचे हॉर्न वाजवत राहिले.

विश्वजीत रडला नाही. खांदा दिला, अग्नी दिला, दहाव्याला वैकुंठ स्मशानभूमीत गुरुजी सांगतील ते केलं. आलेल्या प्रत्येकाला कशानं गेले ते त्याच शब्दांत सांगितलं. लोक म्हणाले, धीराचा आहे. आई म्हणाली, "त्या डॉक्टरनं मारलं ह्यांना. हिंडता-फिरता माणूस. नाही नाही ते सांगून भीती घातली, ती भीतीच घेऊन गेली. माझ्या मुलानं ओळखलं म्हणून चिरफाड तरी वाचली." येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे सांगायची. विश्वजीत शेजारी बसून ऐकायचा.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी विम्यासाठी रिपोर्ट लागणार होते, म्हणून तो हॉस्पिटलमध्ये गेला. रिपोर्टला वेळ होता. तो कारखानिसांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसला. दार अर्धं उघडं होतं. आत डॉक्टर एका म्हातारीच्या मुलीला सांगत होते की आईंना काहीही झालेलं नाही, औषधं चालू ठेवा, घरी घेऊन जा. त्यांची नजर कागदावर होती. पेन टकटक वाजत होतं. "घरी घेऊन जा," ते दुसऱ्यांदा म्हणाले आणि कॉलरमध्ये बोट घालून ती सैल केली.

विश्वजीत दीड तास तिथं बसला. अकरा पेशंट गेले. काहींना ऑपरेशन सांगितलं, काहींना नुसतं मीठ कमी करायला सांगितलं, एकाकडून पैसेच घेतले नाहीत. सगळ्यांशी बोलताना नजर कागदावर, पेन टकटक, वाक्य दोनदा. एक नर्स रजा मागायला आली, तिच्याशीही तसंच. माणसाची सवय होती ती. बुजरा माणूस, लोकांच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही, एवढंच. पण त्या शुक्रवारी विश्वजीतनं वीस मिनिटं काढली नव्हती. इतकी वर्षं काही न वाटता तो खेळला आणि जिंकला. एकदाच आनंदात होता आणि तोच डाव चुकला.

आता काहीतरी होईल म्हणून तो थांबला. काही झालं नाही. त्यानं रिपोर्ट घेतले, पार्किंगचे वीस रुपये दिले आणि घरी येऊन जेवला. आमटीत मीठ जास्त झालंय, असं आई म्हणाली. त्याला चव कळली नव्हती.

पुढचे पाच महिने असेच गेले. तो गोव्याला जायचा, खेळायचा, पूर्वीपेक्षा जास्त जिंकायचा. समोर बसणारे म्हणायचे, याच्या तोंडावर आता माशीसुद्धा बसत नाही. आई डॉक्टरांना शिव्या घालत राहिली. त्या शिव्या कुणाच्या वाट्याच्या आहेत ते त्याला माहीत होतं, पण सांगायला तोंड उघडलं नाही. भीतीनं नाही. भीती वाटली असती तर बरं, असं त्याला कधी कधी वाटायचं.

मे महिन्यात एका बुधवारी सकाळी अकरा वाजता आप्पासाहेब प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन वर आले. आई चहा टाकायला आत गेली. ते सोफ्याच्या कडेला बसले. माणूस एरवी बसल्या बसल्या चार टोमणे मारणारा, आज त्यानं थेट पिशवीतून फाईल काढली.

"त्याच डॉक्टरकडं गेलो होतो," ते म्हणाले. "तीन नळ्या बंद. उद्याच दाखल व्हा म्हणतोय. सूनबाई म्हणते, होऊन जाऊ द्या. पण सर्जेराव सांगत होते ना, तू ओळखलंस त्याला. संध्याकाळी माझ्याबरोबर चल. तू काही बोलू नकोस. नुसता त्याच्या तोंडाकडं बघ आणि बाहेर आल्यावर मला सांग. तू म्हणशील ते करीन."

"भाऊजी, त्याच्या दारात पाऊल टाकू नका," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "विश्वजीत, सांग रे त्यांना."

दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. घरातलं काही उघडं पडलं नसतं. पण दुसऱ्या डॉक्टरांकडं जायचं म्हणजे आठवडा, आणि सर्जेरावांना तर दोनच दिवस मिळाले होते. समोरचा म्हातारा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"आप्पा, उद्याच दाखल व्हा," विश्वजीत म्हणाला. "तो खरं बोलतो."

"न बघताच सांगतोस?"

"मी बघितलंय. दादा गेल्यानंतर दीड तास बसून बघितलंय. तो सगळ्यांशी तसाच बोलतो. त्या दिवशीही खरंच बोलत होता. चूक माझी झाली."

आई हातात गाळणं घेऊन दारात उभी होती. आप्पासाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग आईनं आत जाऊन चहा गाळला आणि कप आप्पासाहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो तसाच कढत कढत संपवला आणि फाईल घेऊन खाली गेले.

दोन दिवस आई त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर सरकवायची, आत जायची. वाचनालयातल्या बायका बोलवायला आल्या तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. शुक्रवारी दुपारी फोन वाजला. आप्पासाहेबांची सून निकिता होती. ऑपरेशन नीट झालं होतं. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. दोनदा म्हणाले, असं निकितानं सांगितलं.

आईनं फोन ठेवला. विश्वजीत टेबलाशी बसला होता.

"पाच महिने मी त्या माणसाला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "तुला कळत होतं आणि तू ऐकत होतास."

"हो."

"माझ्याकडं बघ."

त्यानं बघितलं. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, कपाळाकडं, ओठांकडं, कुठं काही हलतंय का ते शोधत राहिली. तिला काहीतरी सापडावं, असं त्यालाही वाटत होतं.

"मला काहीच दिसत नाही रे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"मलाही काही वाटत नाहीये, आई. दादा गेल्यापासून मी वाट बघतोय."

तिनं पदरानं डोळे पुसले. त्याच्यासमोरची खुर्ची ओढली. ती सर्जेरावांची होती, ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. त्या खुर्चीवर आई बसली आणि त्याचा पालथा हात आपल्या हातात घेतला.

"मग बघ वाट," ती म्हणाली. "मी बसलेय इथं."